लडकूची थुंकी

राहनाळच्या रंगूबाईचा डावा हात मनगटात वाकडा बसलाय. तो नवऱ्याने, लडकूने, मोडला. पुढचे दात त्यानेच पाडले, आणि कानाखालची खूण आहे ती चुलीतल्या पेटत्या लाकडाची. कारण एकच. थोरला भूपेश घाऱ्या डोळ्यांचा जन्मला.

"आमच्या भावकीत घारा कोन हाय? दाव!" असं ओरडत लडकू तिला केसांनी अंगणात ओढायचा. लग्नानंतर ती नारपोलीत कापडाच्या लूमवर कामाला जायची, तिथल्या मुकादमाचं नाव घ्यायचा. त्या मुकादमाचं तोंडही तिला आठवत नाही. शेजारी दारं लावून घ्यायचे. सासू, ठमाबाई, चुलीपुढे मान खाली घालून भाकऱ्या थापत राहायची. रंगूबाईने मार गिळला, पण सासूचं ते गप्प बसणं तिच्या घशाखाली कधी उतरलं नाही. ठमाबाई गेली तेव्हाही ती रडली नाही.

भूपेशची मुलगी, पूर्वी, दापोड्याच्या एका गोदामात कॉम्प्युटरवर बसते. मोबाईलवर घराण्याची वंशावळ भरता भरता ती जेवताना बोलून गेली, की नळीत थुंकी भरून पाठवली तर कोण कुणाच्या रक्ताचं ते कळतं. लडकूने ताट सरकवलं.

"माजी धाड. तुज्या बापाची धाड. माज्या मेल्या भावाच्या पोराची, विपुलची पन धाड. होऊनच जाऊ दे! मंग हिला गावातून फरफटत न्हेतो."

"धाड," रंगूबाई म्हणाली. पोराला त्याचा बाप मिळावा, एवढंच तिला मरायच्या आत हवं होतं.

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! लडकू थुंकायला बसला तो गालात तंबाखू धरूनच. ती नळी बाद झाली, म्हाताऱ्याला पुन्हा थुंकावं लागलं.

निकाल एका रविवारी आला. "आजोबा, बाबा तुमचाच मुलगा आहे. शंकाच नाही," पूर्वी म्हणाली. रंगूबाईने पदर तोंडात कोंबला आणि ती हुंदके देऊन रडली.

"पण आजोबा..." पूर्वी अडखळली. "भावकीतल्या ज्यांनी आधी टेस्ट केलीय, ते सगळे विपुलकाकाशी जुळतात. तुमच्याशी एकही नाही, विपुलकाकाही निम्माच. तुमची आणि तुमच्या भावाची आई एक, बाप वेगळे."

म्हणजे घारे डोळे आले असणार ते लडकूच्याच, त्याने कधी न पाहिलेल्या बापाकडून! ठमाबाईला ते ठाऊक होतं. तोंड उघडलं असतं तर तोच मार तिच्या वाट्याला आला असता. रंगूबाईला त्या वाकलेल्या मानेचा पहिल्यांदाच राग आला नाही, कीव आली.

लडकूने भिंतीवरचा आईचा फोटो उपटला आणि फरशीवर आपटला. "रांड!" म्हणत त्याने फुटक्या काचेवर, आईच्या तोंडावर, पाय उचलला.

पाय खाली आलाच नाही. रंगूबाईने त्याचीच काठी उचलून त्याच्या नडगीवर हाणली. हाड वाजलं. तो काचांवर पडला, तळहात चिरले. दुसरा घाव खांद्यावर, तिसरा तोंडावर. ओठ फाटला, रक्त हनुवटीवरून गंजीफ्रॉकवर उतरलं. लडकूने डोक्यावर हात धरले, अगदी ती धरायची तसे. तिने त्या हातांवरच मारलं.

"आजी, मरतील ते!" पूर्वीने तिला मागून मिठी घातली.

"सोड गं," रंगूबाई धापा टाकत म्हणाली. "भूपेश झाला, ते पयलंच साल फेडतेय अजून."