आईचा नंबर चालत नाही

माझ्या ओळखपत्रावर ‘वापरकर्ता संशोधक’ असं छापलेलं होतं. साताऱ्यातल्या ज्या कार्यालयात मी कंत्राटावर लागले, तिथल्या शिपायाने पहिल्याच दिवशी ते मोठ्याने वाचलं आणि हळूच विचारलं, "मॅडम, चौकशीला आलाय काय? कुणाची?"

त्याला समजावून सांगता सांगता माझा चहा गार झाला. शनिवारी कुपवाडला घरी गेले तर वडिलांनी तेच विचारलं. ते एमआयडीसीतल्या एका लहान वर्कशॉपमध्ये कामाला आहेत.

"म्हंजी नेमकं करतीस काय गं तू?"

"लोक मोबाईलवर सरकारी फॉर्म भरतात ना, त्यांच्या शेजारी बसून बघायचं. कुठं अडतात, का अडतात ते लिहायचं. आणि ज्यांनी फॉर्म बनवला त्यांना जाऊन सांगायचं."

"आन् ते ऐकत्यात?"

"ऐकायला पाहिजे."

पप्पा हसले. मग जरा वेळाने म्हणाले, "आमच्यात ते नवं प्रेस मशीन आणलं हुतं. पॅडल हे एवढं उंचावर. मालकाला सांगितलं, साहेब, दिवसभर पाय उचलून पायाला गोळं येत्यात. तर म्हनला, इंजिनिअरनं इचार करून बनवलंय, तुमालाच नीट हुबं ऱ्हाता येत न्हाई. तुज्यासारखं कोन तवा तिथं असतं, तर बरं झालं असतं."

माझ्या कामाचं एवढं सरळ वर्णन मला मुलाखतीतसुद्धा जमलं नव्हतं.

मी लागले तेव्हा कार्यालयात जन्मदाखल्याच्या कामाची गडबड चालू होती. दवाखान्यात बाळ जन्मलं की जन्माची नोंद लगेच होते, पण बाळाचं नाव तेव्हा कुठे ठरलेलं असतं? ते बारशाला ठरतं. त्यामुळे दाखल्यावर नावाची जागा कोरी राहते आणि नंतर आईबापांनी येऊन ती भरून घ्यायची असते. हे काम इतकी वर्षं खिडकीवर कागदी अर्जाने व्हायचं. आता ते मोबाईलवरून होणार होतं. उद्घाटनाची तारीख ठरली होती, फलक छापायला गेला होता, आणि उद्घाटन झालं की खिडकी बंद करायची असंही ठरलं होतं.

आमच्या विभागाचे साहेब वाईट माणूस नव्हते. कामाला वाघ होते आणि माझ्यासारख्या कंत्राटी माणसालाही ‘मॅडम’ म्हणून, मान देऊन बोलायचे. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "मॅडम, थोडी माणसं बसवा, वापरून बघायला लावा, फोटो घ्या. ‘लोकांना सोपं वाटलं’ असा दोन पानी अहवाल द्या. मोठ्या साहेबांपुढे ठेवायचाय."

मी म्हटलं, "सोपं वाटलं तर तसं लिहीन."

त्यांना तो विनोद वाटला.

मी खिडकीसमोरच्या व्हरांड्यात एक बाकडं मांडून घेतलं. खिडकीवर ज्या काकू बसायच्या त्यांची नोकरी तिथेच सरत आली होती. आलेल्या माणसाला त्या सांगायच्या, "त्या ताईंकडं जावा, मोबाईलवर करून बघा. नाही झालं तर मी आहे." तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांनी माझ्याकडे एक बाई पाठवली. वय फार तर तेवीस-चोवीस. कडेवर पाच महिन्यांचं बाळ, सोबत सासू. गाव साताऱ्यापासून एसटीने तासाभरावर.

मी नेहमीप्रमाणे आधी सगळं सांगितलं. ही तुमची परीक्षा नाही, फॉर्मची परीक्षा आहे. अडलं तर चूक फॉर्मची. तुम्ही काय करता ते मी लिहून घेणार, तुमचं नाव कुठेही येणार नाही, आणि नको वाटलं तर कधीही उठून जा. तिने मान डोलावली, बाळ सासूकडे दिलं आणि मोबाईल हातात घेतला.

मुलगी बारावी झालेली. बोटं माझ्यापेक्षा चपळ. दवाखान्याचं नाव, जन्मतारीख, नोंदणी क्रमांक, सगळं तिने झरझर भरलं. मला वाटलं, चला, आज कुणीतरी शेवटपर्यंत जातंय. मग पडद्यावर आलं: ‘नोंदणीकृत क्रमांकावर ओटीपी पाठवला आहे.’ खाली दोन मिनिटांचं घड्याळ उलटं पळायला लागलं.

तिने हात खाली घेतले.

"काय झालं?" मी विचारलं.

"हा नंबर ह्यांचा हाय. दवाखान्यात तोच लिहून घेतला हुता."

"मग त्यांना फोन करून विचारता येईल का?"

"ते फौजेत हायत, ताई. वर बर्फात. तिथं रेंज न्हाई. आठ-दहा दिवसांनी खाली येत्यात तवा तेच फोन करत्यात."

घड्याळ शून्यावर आलं. ‘वेळ संपली. पुन्हा प्रयत्न करा.’ ती म्हणाली, "ही माजी तिसरी खेप हाय. घरनं दोनदा करून बघितलं, मग म्हनलं हाफिसातनं हुईल."

फॉर्ममध्ये नंबर बदलायची सोय होती. मी ती उघडून दाखवली. नंबर बदलायला आधी जुन्या नंबरवर ओटीपी जात होता.

इतका वेळ गप्प बसलेल्या सासूबाई आता माझ्याकडे वळल्या. "आवं बाई, पोरगी हिच्या पोटची. ही हितं हुबी हाय, पोरगी हितं हाय, मी हितं हाय. आन् तुमचा मोबाईल इचारतोय, बाप कुठं हाय? बाप देशाच्या कामाला हाय, सांगा की त्याला!"

मला हसूही आलं आणि लाजही वाटली. मी खिडकीकडे पाहिलं. काकू उठून आल्या होत्या. "आधी मी आईच्या आधार कार्डावर घ्यायचे," त्या म्हणाल्या. "पण आज सकाळीच वरनं तोंडी सांगितलंय, नवीन अर्ज घ्यायचे नाहीत म्हणून."

त्या दोघींना मी तशाच परत पाठवलं. बाळाचं नाव दाखल्यावर न चढवता. एसटी स्टँडपर्यंत सोबत गेले आणि सुनेचा स्वतःचा नंबर घेऊन ठेवला, एवढंच.

त्यानंतर मी बाकड्यावर येणाऱ्या प्रत्येकीला विचारू लागले, दवाखान्यात कुणाचा नंबर दिला होता? उत्तर जवळजवळ ठरलेलं. नवऱ्याचा. कुणाचा नवरा फौजेत, कुणाचा पुण्यात कंपनीत पाळीवर, एकीचा जहाजावर. एकीने नवऱ्याशी बोलणंच सोडलं होतं, आणि ते मला सांगताना ती इतकी ओशाळली की मी वही मिटून टाकली. एका सरकारी फॉर्मपायी तिने हे अनोळखी बाईला का सांगावं?

मी अहवाल लिहिला. दोन नाही, सात पानं. शेवटच्या पानावर लिहिलं: आईचा नंबर चालेल अशी सोय होईपर्यंत ही सेवा पूर्ण झाली असं म्हणता येणार नाही. तोपर्यंत खिडकी बंद करू नये.

साहेबांनी तो वाचला. चष्मा काढला. "मॅडम, हे अपवाद आहेत. अपवादासाठी सिस्टिम थांबवत नाहीत."

"साहेब, हा सातारा आहे. इथे घरटी एक फौजी. आपण उलटं धरायला हवं होतं. बाप घरी असणं हाच इथे अपवाद."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग अहवालाचं शेवटचं पान वेगळं काढून त्यांनी माझ्यापुढे सरकवलं. "हे एवढं काढा. बाकी सगळं राहू दे. हे आपण नंतर सुधारूच. तुमची सही करा आणि द्या."

"ते काढलं तर मी सही करणार नाही."

"तुमच्या कंत्राटाची मुदत संपत आलीये," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. त्यामुळे ते जास्त लागलं.

"मला माहीत आहे."

तिथून बाहेर येऊन मी जिन्यात बसले. साताऱ्यातली खोली, दर महिन्याला घरी द्यायचा हातभार, सगळं डोळ्यांपुढून गेलं. पण मी त्या पानावरचा एकही शब्द बदलणार नव्हते. कारण ते माझं मत नव्हतंच. ते मी पाहिलं होतं. माझ्या शेजारी बसलेल्या बाईने हात खाली घेतले, ते मी पाहिलं होतं. पाहिलेलं पाहिलं नाही असं लिहायचं, तर मग बाकड्यावर बसायचं कशाला?

अहवाल सहीविना साहेबांच्या टेबलावरच राहिला. पण मोठ्या साहेबांपुढच्या बैठकीत सेवाही चालवून दाखवायची होती. ते काम माझ्याकडेच होतं आणि ते काढून घ्यायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. मी त्या मुलीला फोन केला. सगळं खरं सांगितलं: मोठी माणसं असतील, यायलाच हवं असं नाही, आणि आलीस तरी काम होईल याची खात्री मी देत नाही.

"येते की," ती म्हणाली. मागून सासूबाईंचा आवाज आला, "मीबी येनार म्हनून सांग."

बैठकीच्या खोलीत मोठे साहेब, आमचे साहेब, फॉर्म बनवणाऱ्या कंपनीचा तरुण प्रतिनिधी आणि आणखी चार-पाच जण होते. मी म्हटलं, "मी चालवून दाखवत नाही. ज्यांच्यासाठी हे बनवलंय त्या दाखवतील." आमच्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

मुलीने मोबाईल घेतला. भिंतीवरच्या पडद्यावर तिने दाबलेलं प्रत्येक अक्षर दिसत होतं. दवाखाना, तारीख, नोंदणी क्रमांक. कंपनीचा माणूस खूश होऊन मान हलवत होता. मग ओटीपी. घड्याळ पळायला लागलं. तिने हात खाली घेतले.

"भरा ना," मोठे साहेब म्हणाले.

"आला न्हाई साहेब. मालकांच्या फोनवर गेला."

"मग त्यांना विचारा."

"ते बॉर्डरवर हायत."

दोन मिनिटं किती लांब असतात ते त्या खोलीत कळलं. बाळ सासूबाईंच्या मांडीवर पाय झाडत हुंकार देत होतं, तेवढाच आवाज. ‘वेळ संपली. पुन्हा प्रयत्न करा.’

कंपनीचा माणूस पुढे झुकला. "त्यांचा जेव्हा फोन येईल, तेव्हा तुम्ही फॉर्म उघडून ठेवायचा आणि त्यांच्याकडून ओटीपी विचारून घ्यायचा. सोपं आहे."

ती त्याच्याकडे वळली. तोवर ती हळू बोलत होती. आता आवाज स्वच्छ झाला.

"दादा, त्यांना रेंज मिळती ती चार-पाच मिनिटं. पयलं इचारत्यात, पोरगी काय करती. मी फोन तिच्या तोंडाजवळ धरती. ती काय तरी आवाज काढती, ते ऐकून ते हासत्यात, आन् तेवढ्यात कट हुतो. ती मिनिटं मी तुमच्या आकड्याला द्यायची व्हय? मी न्हाई देनार."

सासूबाईंनी मान खाली घातली. त्या रडत होत्या की काय, मला दिसलं नाही.

मोठे साहेब उठले. त्यांनी भाषण केलं नाही, कुणाला झापलंही नाही. एवढंच म्हणाले, "खिडकी चालू राहील. आणि आईचा नंबर घ्यायची सोय करा." मग मुलीकडे वळून, "तुमचं काम आजच करून जा."

आम्ही तिघी खिडकीवर गेलो. काकूंनी कोरा अर्ज काढला, पेन झटकलं. "हं, बोला. बाळाचं नाव?"

सासूबाईंनी आणि सुनेने एकाच वेळी तोंड उघडलं आणि दोन वेगवेगळी नावं बाहेर पडली. आम्ही चौघीही थांबलो. बारशाला कोणतं ठेवलं होतं, यावरून घरात काहीतरी शिल्लक होतं बहुतेक. सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं, मग काकूंना म्हणाल्या, "ती म्हनती ते लिवा. तिनं लय खेपा घातल्यात."

ते नाव मी इथे लिहीत नाही. मी तसा शब्द दिला होता.

सगळं काही गोड झालं असं नाही. उद्घाटन ठरल्या तारखेलाच झालं, फलकही लागला. आईचा नंबर चालायला पुढे कित्येक महिने गेले. कंपनीचं म्हणणं, ते काम मूळ करारात नव्हतं. पण खिडकी उघडी राहिली आणि काकू आईच्या आधार कार्डावर अर्ज घेत राहिल्या. माझ्या कंत्राटाला मुदतवाढ मिळाली नाही. दोन ओळींचं पत्र आलं, त्यात कारण नव्हतं. निघताना साहेबांना भेटायला गेले. ते उभे राहिले, म्हणाले, "तुमचं चुकलं नव्हतं. पण तुमच्यामुळे माझी अडचण झाली." मला ते प्रामाणिक वाटलं. मी म्हटलं, "साहेब, माझ्या जागी जी येईल, तिचं शेवटचं पान काढायला सांगू नका."

मी कुपवाडला परतले. तीन-चार महिने घरी होते. आई रोज जेवताना तेच काढायची: "गप सही केली असतीस तर काय बिघडलं असतं?" मी एकदाच उत्तर दिलं. "आई, मी जन्मले तेव्हा दवाखान्यात कुणाचा नंबर दिला होता?" ती म्हणाली, "तवा कुठले नंबर? मीच जाऊन तुजं नाव लिवून आले हुते." आणि मग बराच वेळ विचार करत भाकरी थापत राहिली. पुन्हा तो विषय तिने काढला नाही.

पुढे कराडकडच्या एका कार्यालयात तसल्याच कामाची जागा निघाली. मुलाखतीला तिघे होते. मधल्या बाईंनी माझा कागद वाचून विचारलं, "मागच्या ठिकाणी तुमचा वाद झाला होता, असं कळलं."

"झाला होता."

"इथेही होईल?"

"तुमचा फॉर्म कसा आहे त्यावर आहे," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पंधरा दिवसांनी मला रुजू व्हायचा फोन आला.