गुडघाभर पाणी

"काहून नाही होत?" असे विचारण्याआधी काकू उजवा पाय समोर लांब करायच्या, दोन्ही तळव्यांनी गुडघा चोळायच्या आणि समोरच्या माणसाकडे रोखून बघायच्या. काहून म्हणजे का. हा शब्द आमच्या सोसायटीत सगळ्यांना कळायला लागला तो त्यांच्यामुळे.

आम्ही त्यांना नागपूरच्या काकू म्हणायचो. "नागपूर नाही जी, हिंगणघाट," असे त्या दर वेळी सांगायच्या. पण पुण्यात राहणाऱ्या तुम्हाआम्हाला नगरच्या पलीकडे सगळे नागपूरच. यजमान कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत कारकून होते. ते गेले, तेव्हा मुलाने त्यांना पुण्याला आणले. मुलगा आणि सून दोघेही सॉफ्टवेअर कंपनीत. सकाळी सातला कंपनीची बस, रात्री नऊला परत. मधला सगळा दिवस काकू सोसायटीच्या पोहण्याच्या तलावाच्या कठड्यावर बसून काढायच्या, कारण सावली तिथेच होती.

तलाव म्हणायचे ते केवळ सवयीने. त्या काळी कोथरूडच्या पुढे जी जी नवी स्कीम उभी राहायची तिच्या छापील पत्रकावर निळे पाणी असायचेच. आमच्याही होते. पहिल्याच वर्षी पंपाची मोटार जळाली, बिल्डर आणि कमिटीचे भांडण झाले, आणि दुरुस्ती कोणी करायची हे न ठरल्यामुळे ती कोणीच केली नाही. पुढे पावसाने तलाव भरत गेला. पाण्यावर शेवाळाची साय आली. डास झाले म्हणून महापालिकेच्या माणसांनी गप्पी मासे सोडले. गणेशोत्सवात घरोघरचे गणपती तिथेच विसर्जित व्हायला लागले, कारण नदीपर्यंत जायचा कंटाळा. फाटकावर चेअरमनांच्या अक्षरात पाटी होती: तलाव बंद आहे. कारण विचारू नये.

काकूंनी कारण विचारले, ते मला. माझ्या कंपनीत तेव्हा नवे काम नव्हते, मी बेंचवर होते, म्हणजे पगार चालू आणि हाताला काम नाही. त्यामुळे मीही दुपारची तिथे येऊन बसायची.

"डॉक्टरनं मले पाण्यात चालाले सांगतलं," त्या म्हणाल्या. "रोज अर्धा तास. गुडघ्यावर वजन येत नाही म्हणे. आता मी पाणी कुठून आणू?"

मी शहरातल्या दोन-तीन तलावांची नावे सांगितली. दोन बस बदलून जावे लागले असते. त्यांना बसची एक पायरी चढायलाही माणूस लागायचा. त्या समोरच्या हिरव्या पाण्याकडे बघत राहिल्या. मग पाय लांब झाला.

"हे साफ काहून नाही होत?"

नेमके त्याच महिन्यात कमिटीने सभा बोलावली होती. विषय एकच: तलाव मुरूम टाकून बुजवणे आणि तिथे गाड्या लावायची सोय करणे. सोसायटीत आता घरटी एक गाडी झाली होती, काहींकडे दोन. चेअरमन पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते. उंच, शिडशिडीत, आणि बोलणे मोजून मापून. त्यांचे म्हणणे चुकीचे होते असे नाही. नळाला दिवसातून एकदा पाणी येत होते, आणि असल्या गावात तलाव भरणे त्यांना पटत नव्हते.

काकूंनी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्या सभेआधीचा आठवडाभर एकेका घरी गेल्या. चारही इमारती, आणि लिफ्ट बंद असेल तिथे कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. मी दोनदा त्यांच्याबरोबर होते. तलावाचे नावही काढायच्या नाहीत. चहा घ्यायच्या, सभेला या म्हणायच्या आणि विचारायच्या, "तुमच्या घरी कोणाचे गुडघे दुखते?"

दुखायचेच. तुम्ही आठवून पाहा, त्या वर्षांत पुण्यात प्रत्येक सोसायटीत अशी माणसे आली होती. मुलाला नोकरी लागली, फ्लॅट झाला, म्हणून साताऱ्याहून, परभणीहून, अकोल्याहून आणलेल्या आया. दिवसभर बंद दारामागे टीव्ही लावून बसलेल्या. त्यांच्याकडे येऊन कोणी त्यांच्या गुडघ्याची चौकशी करेल असे त्यांना वाटलेच नव्हते.

एरवी सभेला पुरुष यायचे, तेही दहा-बारा. त्या संध्याकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या पुरल्या नाहीत. पुढच्या दोन रांगांत सगळ्या आया आणि सासवा, पाय समोर लांब केलेल्या. तलाव बुजवू नका, साफ करा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. मतदान त्यांच्या मुलांचे होते, पण आईच्या मागे उभे राहून तिच्याविरुद्ध हात वर करायला कोण धजावणार?

चेअरमनांनी चष्मा काढून पुसला. "ही सोसायटीची सभा आहे की हाडवैद्याचा दवाखाना?" ते म्हणाले. मग शेवटचा मुद्दा काढला. "अहो, पण आपण त्यात गणपती विसर्जन करतो. तळाशी मूर्तींची माती आहे. ती काय पंपाने गटारात सोडायची?"

काकू उठून उभ्या राहिल्या. त्यांना वेळ लागला.

"देवाचं मी पाहते जी," त्या म्हणाल्या. "तुम्ही मोटारवाल्याशी बोला."

कामाला उन्हाळ्याच्या तोंडाशी सुरुवात झाली. ठेकेदार वारज्याचा होता. त्याने आणि चेअरमनांनी एकच गोष्ट सांगितली: पावसाआधी उरकायला हवे. भर पावसात तलाव रिकामा ठेवला, तर जमिनीतले पाणी खालून दाब देते आणि तळ फुटतो. चेअरमन विरोधात होते, पण एकदा ठरल्यावर रोज सकाळी येऊन उभे राहायचे. आयुष्यभर धरणे बांधलेल्या माणसाला पाण्याचे काम चुकीचे होताना बघवणार नव्हते.

हिरवे पाणी पंपाने उपसून बागेला आणि आवारातल्या झाडांना दिले. गप्पी मासे काकूंनी बादल्यांत काढायला लावले आणि बागेतल्या हौदात सोडले. पाणी उतरत गेले तसे खाली काय काय दिसू लागले. प्लास्टिकची खुर्ची, कोणाची तरी चप्पल, क्रिकेटचे असंख्य चेंडू. आणि खोल बाजूला राखाडी मातीचा थर, त्यातून वर आलेले एखादे सोंडेचे टोक, एखादा हात.

काकू शिडीने खाली उतरल्या. त्यांना उतरताना बघणे कठीण होते. खाली लाकडी पाट ठेवला होता, त्यावर बसल्या. आधी त्यांनी तळाला हात लावून नमस्कार केला. मग माती हाताने गोळा करायला लागल्या. हळूहळू आणखी पाच-सहा जणी उतरल्या, मीही. शाडूची माती घमेल्यांत भरून आम्ही बागेतल्या झाडांच्या बुंध्यांशी घातली. प्लास्टरच्या मूर्तींचे तुकडे वेगळे काढून कापडात बांधले आणि महापालिकेच्या विसर्जनाच्या हौदावर नेऊन दिले. रिकाम्या तलावात बोललेले घुमायचे. कोणी हळू आवाजात सुनेची तक्रार केली, तरी ती सगळ्या गॅलऱ्यांत ऐकू जायची. त्यामुळे त्या दिवसांत सुनांबद्दल बरेच चांगले बोलले गेले.

पुढचे काम ठेकेदाराच्या माणसांचे. ब्लीचिंग पावडर टाकून भिंती घासल्या, फुटलेल्या फरशा बदलल्या, सांधे भरले, जळालेल्या मोटारीचे वायंडिंग नव्याने भरून आणले, गाळणीच्या टाकीतली जुनी वाळू काढून नवी घातली. पाणी बोअरचे घ्यायचे ठरले, म्हणजे नळाच्या पाण्यावरून कोणी बोलू नये.

"बोअरच्या पाण्यात लोह आहे," चेअरमन म्हणाले. "रंग बदलेल. मी आपलं सांगून ठेवतो."

तलाव भरला. पाणी स्वच्छ दिसत होते. संध्याकाळी क्लोरीन टाकले. सकाळी गॅलरीत येऊन पाहिले तर सगळा तलाव चहाच्या रंगाचा.

लोक कठड्याशी जमले. एकाने दूध आणा म्हटले, दुसऱ्याने साखर. बुजवायचे होते तेच बरे होते, असेही कोणीतरी बोलले. काकू त्यांच्या जागेवर बसल्या होत्या. पाय लांब केला नव्हता, गुडघ्याला हातही लावला नव्हता. तोंड एवढेसे झाले होते. आपल्या एका दुखण्यापायी अख्ख्या सोसायटीला कामाला लावले, असे त्यांच्या मनात आले असावे.

मी सांगितलं होतं, असे म्हणायचा पूर्ण अधिकार चेअरमनांना होता. ते आले आणि काकूंना म्हणाले, "पाणी वाया गेलेलं नाही. लोह वेगळं झालंय, एवढंच. आता ते खाली बसवायचं."

काकूंनी वर पाहिले. "आमच्याकडे पुराचं पाणी आलं की माठात तुरटी फिरवतो."

"तेच," चेअरमन म्हणाले. "फक्त माठ मोठा आहे."

ठेकेदाराने तुरटी कालवून पाण्यात सोडली, रात्रभर मोटार बंद ठेवली, आणि तळाशी बसलेला तांबूस गाळ नळीने ओढून काढला. हे पुन्हा पुन्हा करावे लागले. काकू रोज येऊन बघायच्या. पाणी तांबड्याचे पिवळे झाले, मग धुरकट, आणि एका सकाळी खोल बाजूची प्रत्येक फरशी वेगळी दिसायला लागली.

काकूंचा पोहण्याचा पोशाख म्हणजे सुनेचा एक नायलॉनचा पंजाबी ड्रेस. पहिल्या दिवशी त्या उतरल्या तेव्हा आम्ही सगळ्याजणी कठड्यावर. पायऱ्यांवरून, दांडीला धरून, एक एक पाय. पाणी कमरेपर्यंत आले तसा त्यांचा चेहरा बदलला. आपण दात दुखायचा थांबला की कसे बघतो, तसे.

"काकू, पोहून दाखवा," कोणीतरी ओरडले.

"मले कुठं पोहता येते?" त्या म्हणाल्या. "मी चालाले आली."

त्या चालू लागल्या. उथळ बाजूच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक हात दांडीवर. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मागोमाग चेअरमनांच्या पत्नी उतरल्या. आठवड्याभरात तिथे रांग झाली. सकाळी पोरे शाळेत गेली की पाण्यात आठ-दहा बायका एकामागून एक चालताहेत, आणि एकीकडे भाजीचे भाव चालले आहेत. फाटकावर आता बायकांच्या वेळेची पाटी लागली.

पुढच्या वर्षी काकूंच्या मुलाला अमेरिकेतले काम मिळाले. फ्लॅट विकायचा ठरला. आईला तिकडे कायमचे नेता येत नव्हते, म्हणून काकू हिंगणघाटला दिरांकडे परत जाणार होत्या. त्यांनी मला हे पाण्यात चालता चालता सांगितले, आणि वळून पुन्हा चालायला लागल्या.

जायच्या दिवशी सकाळी मी खाली आले तेव्हा त्या पाण्यातच होत्या, एकट्या. मला बघून त्यांनी दांडी सोडली.

"धर मले," त्या म्हणाल्या. "पाण्यावर झोपून पाहते."

मी पाठीखाली दोन्ही हात धरले. त्या आधी ताठ झाल्या, नाकातोंडात पाणी गेले, ठसका लागला, उभ्या राहिल्या. पुन्हा धर म्हणाल्या. तिसऱ्या वेळी त्यांनी मान सैल सोडली. कान पाण्यात गेले, अंबाडा सुटला. मी एक हात काढला, मग दुसरा.

"हात काढला ना तू?" त्या आकाशाकडे बघतच म्हणाल्या.

"हो."

"मंग बोलू नको."

वरून गॅलरीतून मुलाची हाक आली. "आई, गाडी आली!"

"येऊन राहिली म्हण," काकू मला म्हणाल्या, आणि हलल्या नाहीत. मी हात वर करून त्याला थांबायची खूण केली. त्यानेही मग पुन्हा हाक मारली नाही. तो गॅलरीच्या कठड्यावर कोपरे टेकून आईकडे बघत उभा राहिला.

गाडी निघाली तेव्हा काकू मागच्या सीटवर होत्या. अंगावर प्रवासाची कडक इस्त्रीची साडी आणि पाठीवर मोकळे, ओले केस. ते वाळायला त्यांनी खिडकीची काच खाली घेतली होती.