अर्जुनाच्या झाडापर्यंत चालत

कडा गावाहून निघताना गाडीच्या डिकीत अकरा शाली आणि अकरा नारळ होते. निघालो होतो मात्र माझ्या दाजींची छाती दाखवायला. शाली कशाला, असं विचारल्यावर दाजी म्हणाले, "वाटंत कोण भेटंल सांगता येतंय का, पाव्हणं? मोकळ्या हातानं कसं जावं?"

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, भाऊसाहेब. दोनदा सरपंच, एकदा पंचायत समितीचे सदस्य आणि आता कायमचे 'माजी'. एवढ्या काळात त्यांनी इतक्या लोकांचे सत्कार केले आहेत की आष्टी तालुक्यात शाल न मिळालेला माणूस आता शोधावा लागेल.

गेल्या दोन महिन्यांत त्यांच्या छातीत दोनदा कळ आली होती. नगरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि येत्या सोमवारी अँजिओग्राफीला बोलावलं. दाजींनी चार दिवस गोळ्या घेतल्या आणि हा गॅस आहे असा निकाल स्वतःच दिला. ताई रडली, रागावली, शेवटी तिने तोडगा काढला. युसूफ वडगावच्या वैद्यबाईंवर दाजींच्या गावकीचा मोठा विश्वास आहे, त्या सांगतील तसं करायचं. दाजींनी लगेच अट घातली.

"फाईल दाखवायची न्हाई. गोळ्यांचं नाव काढायचं न्हाई. नाडीवरून कळतंय म्हणतेत ना? मग कळू दे की!"

बाई 'जा' म्हणाल्या तर सोमवारी जायचं, नाही म्हणाल्या तर विषय संपला. या कराराचा साक्षीदार म्हणून ताईने मला पुण्याहून बोलावून घेतलं. मी निवृत्त ग्रंथपाल. आयुर्वेदाची पुस्तकं मी आयुष्यभर कपाटात लावली, त्यांतली काही वाचलीही, आणि त्यांच्या नावावर दुकान मांडणारे बरेच पाहिले. मला भीती एकच होती: बाई मनगट धरतील, डिकीतल्या शाली पाहतील आणि अदबीने 'गॅस' म्हणतील.

आष्टीच्या बाजारातून बाहेर पडायला अर्धा तास लागला. ऊसतोडीचा हंगाम सुरू होत होता. ट्रॅक्टरमागच्या ट्रॉल्यांत गोधड्या, हंडे, कोंबड्यांची खुराडी आणि या सगळ्याच्या वर माणसं. एक बाई त्या उंचीवर बसून निवांत लेकीची वेणी घालत होती. दाजी प्रत्येक ट्रॅक्टरला हात करत होते आणि प्रत्येक ट्रॅक्टरवरून उलट हाक येत होती. त्यांचा ड्रायव्हर मेहबूब हा त्यांच्याच वयाचा आणि शाळेतला सोबती. त्याने एकदाच विचारलं, "साहेब, काच वर घेऊ का? धूळ लई हाय." दाजी म्हणाले, "काच वर घेतली तर लोक म्हणतील, भाऊसाहेब बदलला."

मांजरसुंब्याच्या घाटात सीताफळांच्या पाट्या मांडून बायका बसल्या होत्या. बालाघाटचं सीताफळ बोटाने दाबलं की उमलतं आणि खाणाऱ्याला बराच वेळ गप्प ठेवतं, म्हणून मी ती संधी साधली. जुन्या वैद्यकग्रंथांत हृदयाला हितकर फळांची एक यादी आहे, ती मी ऐकवली: आंबा, करवंद, बोर, डाळिंब, महाळुंग.

"ही तर शाळेपुढच्या म्हातारीची पाटी झाली," दाजी म्हणाले. "म्हंजी चौथीपर्यंत आमी औषधच खात होतो."

"पैसे मीच देत होतो," मेहबूब पुढून म्हणाला.

केज ओलांडून युसूफ वडगावला पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. दवाखाना म्हणजे पत्र्याची पडवी आणि दोन खोल्या. पाटीवर नाव, पदवी आणि 'चपला बाहेर काढा' एवढंच. रामबाण, सुप्रसिद्ध, शंभर टक्के, यांतला एकही शब्द न दिसल्याने मी थोडा हिरमुसलो. माझी वही या शब्दांसाठीच आणली होती.

वैद्यबाई पन्नाशीच्या, साडीवर कॅनव्हासचे बूट घातलेल्या. टेबलावर खल-बत्त्याशेजारी रक्तदाबाचं यंत्र होतं. दाजींनी बसायच्या आधीच शालीची घडी मोडली.

"सत्कार बरं झाल्यावर करा," बाई म्हणाल्या. "आधी जीभ दाखवा."

जीभ झाली, डोळे झाले, नाडी झाली, रक्तदाब झाला.

"झोप?"

"एक नंबर."

"राग येतो का?"

"मला राग येतच न्हाई!" दाजी इतक्या जोरात म्हणाले की मेहबूबने छताकडे पाहिलं.

"तक्रार काय?"

"गॅस."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी करारबद्ध होतो, त्यामुळे भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागलो.

"बरं," त्या म्हणाल्या. "ओढ्यापलीकडं अर्जुनाची तीन झाडं हायेत. माझ्याकडं येणारा माणूस स्वतः जाऊन तळहाताएवढी साल आणतो. एकाच बाजूची काढायची, जखमेवर शेणमाती लिंपायची. मग पुढचं बोलू."

आम्ही निघालो, बाहेर आलो आणि गाडीत बसलो. मराठवाड्यातला माजी सरपंच चांगली गाडी असताना ओढ्यापर्यंत चालत जातो, ही कल्पना तिघांपैकी कोणालाही सुचली नाही. बैलगाडीच्या वाटेने गाडी झाडापाशी गेली. पांढुरक्या, गुळगुळीत खोडाची ती उंच झाडं दाजींनी खिडकीतून पाहिली. मेहबूबने उतरून साल काढली आणि शेणमाती लिंपली. पाव तासात आम्ही हजर.

बाईंनी साल घेतली, उलटसुलट पाहिली आणि मेहबूबच्या हातावरची माती पाहून त्याला खुर्चीत बसवलं. त्याची नाडी धरली, वय विचारलं आणि कागदावर लिहायला लागल्या.

"अहो बाई, पेशंट मी हाय!" दाजी म्हणाले.

"साल यांनी आणली. मला वाटलं, काळजी यांनाच हाय." त्यांनी पेन खाली ठेवलं. "चला, उठा. आता आपण चालत जाऊ. मी येते सोबत."

बाईंनी दाजींचं मनगट धरलं आणि दोघं हळूहळू निघाले. मागून मी आणि मेहबूब. पन्नास-साठ पावलांवर दाजी थांबले आणि बाजूच्या तुरीबद्दल बोलू लागले. पुढे गेले, पुन्हा थांबले: या गावाला रस्ता कावून (का) झाला नाही, याची कारणं सांगितली. तिसऱ्यांदा थांबून एका म्हाताऱ्याला त्याच्या मुलांची नावं विचारली. म्हातारा गोंधळला, कारण ओळख नव्हती. मी त्यांच्याबरोबर अनेक गावं फिरलो आहे आणि हे बोलकेपण मला नेहमीच कौतुकाचं वाटत आलंय. चौथ्या वेळी आजूबाजूला कोणी नव्हतं. दाजी एका बाभळीपुढे उभे राहिले.

"काय झाड हाय!" ते म्हणाले. "काय... डौल हाय!"

कपाळावर घाम होता. बाईंनी त्यांना तिथल्याच दगडावर बसवलं आणि मनगट सोडलं नाही.

"भाऊसाहेब," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "चार जागी थांबलात. या जिल्ह्यात बाभळीचं कौतुक करणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला. जबड्यापर्यंत कळ येते ना?"

दाजींनी कपाळ पुसलं. मग मान हलली.

"डाव्या हातात बी. चढण आली की येती. बसलं की जाती."

"कोणाला सांगितलं?"

"कोणाला सांगू? तालुक्यातल्या सगळ्या शोकसभांत मीच बोलतो. माझ्या येळंला कोण बोलंल? आमच्या विरोधातला गडी हाय एक. त्याला दोन वाक्यं धड जोडता येत न्हाईत!"

"मग त्याच्यावर ही पाळी आणू नका," बाई म्हणाल्या. "फाईल कुठंय?"

मेहबूब गाडी आणायला आधीच पळाला होता. ताईने गाडीत गुपचूप ठेवलेली फाईलही त्यानेच आणून दिली. करारात त्याचं नाव नव्हतं.

पडवीत बाईंनी कागद शांतपणे वाचले. त्यांचं सांगणं मी वहीत लिहून घेतलं, कारण त्यात चमत्कार एकही नव्हता. आयुर्वेदात हृदय म्हणजे नुसता पंप नव्हे, प्राणाचं आणि मनाचंही घर. त्यातलं तेज, ज्याला ओज म्हणतात, ते जागरणाने, रागाने आणि भीती दाबून ठेवण्याने झिजतं. अर्जुनाची साल दुधात पाणी घालून, पाणी आटेपर्यंत उकळून देतात, ती आधार म्हणून. "पण नळी तुंबली असंल तर ती बघायला तिकडंच जावं लागतंय. गोळ्या आजपासून सुरू. कळ आली आणि थांबली न्हाई तर सोमवारची वाट बघायची न्हाई, लगेच दवाखाना. साल मी ठेवून घेते. तिकडचं झालं की त्या डॉक्टरांना विचारून या, मग देते."

मग त्यांनी जेवायला वाढलं: भाकरी, येसर आमटी (भाजलेल्या धान्या-डाळींच्या मसाल्याची) आणि काकडी. दाजींनी मीठ मागितलं. बाईंनी ऐकलं नाही.

परतीच्या वाटेवर मी मनातल्या मनात बाईंची माफी मागितली. मी त्यांना पकडायला गेलो होतो. नाडीत त्यांना नेमकं काय कळलं ते मला ठाऊक नाही, आणि माझ्या शंका पुष्कळशा शाबूत आहेत. पण दाजींबरोबर मी इतकी वर्षं चाललो आणि ते कुठे थांबतात हे पाहिलं, कशासाठी थांबतात हे पाहिलं नाही. एवढी पुस्तकं लावणाऱ्या माणसाला एक माणूस वाचता आला नव्हता. दाजी मात्र केजपासून झोपले होते, खरोखर झोपले होते.

कड्याला पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. ताई दारात उभी होती. ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मी दाजींकडे बोट केलं.

घराला पाच पायऱ्या आहेत. तिसरीवर दाजी थांबले. आता दरवाज्याच्या रंगाबद्दल काहीतरी येणार, असं मला वाटलं.

"दम लागला," ते म्हणाले. "सोमवारी जायचंय. हात दे जरा."

ताई दोन पायऱ्या उतरून खाली आली.