बफरच्या काठावर गळलेलं अक्षर

कॉम्प्युटरचा डिप्लोमा झाल्यावर मला पहिली नोकरी मिळाली ती नाशिकरोडला, जेलरोडच्या आतल्या एका बंगल्यात. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी तळमजल्यावर ब्रेल पुस्तकांचा छापखाना काढला होता. छापखाना म्हणजे दोन जुने कॉम्प्युटर आणि ब्रेलचं एक छपाईयंत्र. शाई नाही, नुसते ठिपके. जाड कागदावर ते यंत्र खालून ठोके मारत जायचं आणि आवाज असा व्हायचा की शेजारच्या काकूंनी तक्रार केल्यावर सरांनी ते गाडीच्या शेडमध्ये हलवलं.

मी पाठ्यपुस्तकं टाइप करायचे. टाइप झालेला धडा ब्रेलमध्ये बदलून यंत्राकडे पाठवणं हेही माझंच काम. छापून आलेलं वाचायला ताई होत्या. ताई जन्मापासून अंध. वय पंचेचाळिशीच्या आसपास, माहेर सायखेड्याचं. यजमान पायाने अधू होते, त्यांचा स्टेशनबाहेर एसटीडी बूथ होता. ताई सकाळी त्यांच्यासोबत रिक्षाने यायच्या आणि खिडकीजवळच्या टेबलावर बसायच्या. त्या बोटांनी वाचत मोठ्याने म्हणायच्या आणि मी छापील पुस्तकावर बोट ठेवून ऐकायचे. काही चुकलं तर थांबवायचं. त्यांचा वाचायचा वेग असा होता की सुरुवातीला मीच मागे पडायचे.

यंत्र शेडमध्ये गेल्यावर एक अडचण झाली. धडा फ्लॉपीत घालून अंगण ओलांडून जायचं. शेडमध्ये धूळ, त्यामुळे आठवड्याला दोन-तीन फ्लॉप्या मरायच्या. सर म्हणाले, "दोन्ही कॉम्प्युटर वायरने जोडले तर होईल का काही?" मी हो म्हटलं. जोडणी केली, आणि फाइल इकडून तिकडे पाठवायचा एक साधा प्रोग्रॅम स्वतः लिहायला घेतला.

पहिल्यांदा मी अख्खी फाइल एकदम उचलून पाठवायला गेले. शेडमधला कॉम्प्युटर फार जुना, त्याच्या मेमरीत एवढं मावेना. तो गप्पच व्हायचा. मग मी बफर केला. बफर म्हणजे मेमरीतली एक ठरावीक मापाची जागा. फाइलमधून तेवढा तुकडा त्यात भरायचा, वायरवरून पाठवायचा, पलीकडून "मिळालं" असं उत्तर आलं की पुढचा तुकडा भरायचा. चार हजारांच्या आसपास अक्षरं एका वेळी जायची. तिकडे यंत्र आपल्या चालीने ठोकत राहायचं, इकडे मी पुढचं टाइप करायला मोकळी. पहिला धडा न अडखळता पार पडला तेव्हा सरांनी स्वतः जाऊन जिलबी आणली. ताईंनी मात्र खाल्ली नाही. त्यांना त्याच उन्हाळ्यात साखर निघाली होती.

हे सगळं पावसाळा संपताना झालं. दिवाळीनंतर आठवीचा भूगोल हातात घेतला. मालेगावकडच्या एका शाळेतल्या मुलांना तो दुसऱ्या सत्रात हवा होता. थंडी पडायला लागली आणि मला जाणवलं की ताई हळू वाचतायत. मध्येच थांबायच्या, मग पुढचं भराभर म्हणायच्या. शब्द मात्र सगळे बरोबर. मी पुस्तकावर बोट ठेवून ऐकत होते, एकही चूक सापडत नव्हती.

"गार पडलेत का हात?" मी एकदा विचारलं.

"हो गं, थंडी आहे," त्या म्हणाल्या आणि हात शालीत घेतले.

आमच्या टेबलाशेजारी मग सरांनी हीटर आणून ठेवला. त्याने फरक पडला नाही. एका सकाळी ताई सरांच्या खोलीत गेल्या आणि बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. त्या टेबलाशी परत येऊन बसल्यावर सरांनी मला बोलावलं.

"नव्या वर्षापासून दुसरं कोणी बघा म्हणतायत," सर म्हणाले. "कारण विचारलं तर घरी काम वाढलंय म्हणाल्या. तुझ्याशी काही बोलल्या?"

मला काहीच माहीत नव्हतं. सरांचा चेहरा उतरला होता. ब्रेल वाचणारं असं माणूस त्यांना नाशिकमध्ये दुसरं कुठे मिळणार होतं? पण त्यांना काळजी छापखान्याची कमी आणि ताईंची जास्त वाटत होती, हे दिसत होतं.

दुपारी डबा खाताना मी ताईंना सरळच विचारलं. आधी त्या टाळत राहिल्या. मग पोळीचा तुकडा तसाच हातात धरून म्हणाल्या, "माझी बोटं चाललीत."

मला समजलं नाही.

"वाचताना मध्येच एखादं अक्षर लागतच नाही. म्हणजे तिथे जागा लागते, अक्षर नाही. 'जलप्रवाह' असेल तर 'जलप्र' लागतं, मग रिकामं, मग काना आणि 'ह'. शब्द माहितीचा असतो म्हणून मी म्हणून टाकते. तुला कळत नाही."

"परत बोट फिरवून बघता का?"

"एकदा बघितलं. दुसऱ्या हाताने पण बघितलं. तसंच. डॉक्टर म्हणाले होते, साखर वाढली की हातापायाला मुंग्या येतात, बधिर होतात, आणि दोन्हीकडे सारखंच होतं. तेव्हापासून परत फिरवायची भीतीच वाटते."

आमचं यंत्र कधी कधी हलका ठोका मारायचं, ठिपके नीट उठायचे नाहीत. पूर्वी तसलेही ठिपके ताईंना बिनचूक लागायचे. आता लागत नाहीत, असं त्यांनी स्वतःशी ठरवून टाकलं होतं. यजमानांना सांगितलं नव्हतं. डॉक्टरांकडे गेल्या नव्हत्या. सायखेड्याला आईकडे जाणंही बंद केलं होतं, कारण आईने हात हातात घेतला की तिला कळेल, असं त्यांना वाटायचं.

"आज सकाळी कुठल्या पानावर झालं?" मी विचारलं.

त्यांनी पान काढून दिलं. वरून किती ओळी तेही सांगितलं. मी ते पान घेऊन खिडकीशी गेले. ब्रेल डोळ्यांनी वाचायला मला तिरपा उजेड लागायचा, नाहीतर पांढऱ्यावर पांढरं काही दिसत नाही. दुपार कलली होती, ऊन बरोबर आडवं येत होतं. मी कागद तिरका धरला. ओळ सापडली, शब्द सापडला. आणि मधली जागा कोरी होती. हलका ठिपकाही नव्हता, नुसता सपाट कागद. मी पान उलटून पाहिलं. मागच्या बाजूला इतर अक्षरांचे खड्डे होते, त्या जागी एकही नाही.

"ताई, इथे अक्षर नाहीच आहे."

त्यांनी डबा बंद केला. मग म्हणाल्या, "माझी समजूत काढू नकोस."

"खरंच नाही. कागद कोरा आहे."

"तू चांगल्या मनाची आहेस. पण मला असलं सांगू नकोस."

आता त्यांना पटवायचं कसं? मी काय पाहिलं ते त्यांना दाखवता येत नव्हतं, आणि ज्या बोटांनी त्या पडताळणार त्यांच्यावरच त्यांचा विश्वास उरला नव्हता. मी जरा विचार केला आणि कपाटातून हाताने ब्रेल लिहायचा टोच्या काढला. लाकडी मूठ, पुढे बोथट सुई. टेबलावर वर्तमानपत्राची घडी ठेवली, पान उलटं ठेवलं आणि त्या कोऱ्या जागी मागून 'व'चे ठिपके टोचले. मागून टोचताना अक्षर उलटं घालावं लागतं, त्यात मी दोनदा अडखळले.

"आता वाचा."

त्यांनी बोट ओळीवरून आणलं. 'जलप्र' वर आलं आणि पुढे सरकताच थांबलं.

"हे आहे," त्या म्हणाल्या.

"हे मी आत्ता टोचलं."

त्यांनी बोट मागे नेलं, पुन्हा आणलं. पुन्हा. मग हात मागे घेतला. "तू जोरात टोचलंस म्हणून लागलं असेल. एक कर. कोरा कागद घे. काही ठिकाणी टोच, काही ठिकाणी नको टोचू, अगदी हलकं टोच. मला सांगू नकोस."

मी तसं केलं. इतकं हलकं टोचलं की मला स्वतःला उजेडातसुद्धा नीट दिसेना. ताई एकेक ओळ बोटाने पाहात गेल्या. आहे, आहे, नाही, आहे, नाही. एकदाही चुकल्या नाहीत. शेवटच्या ओळीला आल्या तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता. मग त्यांनी शाल बाजूला टाकली, दोन्ही हात टेबलावर पसरून ठेवले आणि तशाच बसून राहिल्या. मी पाणी आणून दिलं.

"मग अक्षर गेलं कुठे?" थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं.

आम्ही भूगोलाची सगळी पानं काढली. ताई वाचत गेल्या, आता कुठे रिकामं लागलं की बिनधास्त सांगायच्या. मी दोन रिकाम्या जागांमधली अक्षरं मोजली. ओळीत किती, पानावर किती, हे ठरलेलं असतं, त्यामुळे सोपं होतं. प्रत्येक वेळी अंतर तेच येत होतं. माझ्या बफरचं माप.

मी प्रोग्रॅम उघडला. तुकडा भरला की त्याच्या शेवटी 'इथे संपलं' अशी एक खूण ठेवायची मला सवय होती. पण त्या खुणेसाठी मी बफरमध्ये वेगळी जागा ठेवली नव्हती. बफर काठोकाठ भरला की खूण शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसायची आणि ते अक्षर गळायचं. यंत्राला ती खूण समजत नव्हती, ते तेवढी जागा कोरी सोडून पुढे जायचं. तिथे दोन शब्दांमधली मोकळी जागा आली तर काही बिघडायचं नाही. शब्दाचा मध्य आला तर मात्र शब्द फुटायचा, चार-पाच पानांत एखादा.

मी ताईंना हे सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे दर चार पानांनी बरोबर एका अक्षरापुरती बधिर व्हायची माझी बोटं," त्या म्हणाल्या. "हे मला सुचायला हवं होतं." मग हसायला लागल्या. "तुझी चूक निघाली म्हणून मी एवढं खूश होणं बरं दिसत नाही गं."

"व्हा खूश," मी म्हटलं. मलाही तेवढंच हलकं वाटत होतं. बफर एका जागेने मोठा केला, खूण तिच्या जागी ठेवली. दुरुस्ती एका ओळीची होती. शेडमध्ये यंत्र सुरू केलं आणि तोच धडा पुन्हा पाठवला. पानं येतील तशी ताई यंत्राजवळ उभ्या राहूनच चाचपत होत्या. 'जलप्रवाह' अख्खा आला.

सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी ताईंना विचारलं, "मग घरचं काम कमी झालं का?" ताई म्हणाल्या, "झालं." सरांनी तो विषय पुन्हा काढला नाही. बफर केल्यानंतर छापलेलं एक पुस्तक आधीच मालेगावकडच्या त्याच शाळेत गेलं होतं. कुठल्या पानावर कुठलं अक्षर गळलंय ते मी तिथल्या गुरुजींना फोनवरून सांगितलं. ते म्हणाले, "पोरांनी वाचलं हो ते, अडली नाहीत. पण टोचून घेतो." इकडची पानं फुकट घालवण्यापेक्षा हाताने दुरुस्त करायची असं ठरलं. ताईंनी जागा दाखवायची, मी टोचायचं, त्यांनी परत बघायचं. भूगोल मालेगावला वेळेत पोचला.

त्या शनिवारी मी ताईंना डॉक्टरांकडे घेऊन गेले. आता जायला त्यांची तयारी होती. डॉक्टरांनी त्यांना तोंड बाजूला करायला सांगितलं, का कोण जाणे, आणि बोटांच्या टोकांना बारीक दोरा लावून विचारत गेले. हातांत काही नव्हतं. डाव्या पायाच्या तळव्याला थोडी संवेदना कमी होती. चप्पल मऊ घाला, अनवाणी फिरू नका, गोळ्या चुकवू नका, असं त्यांनी सांगितलं. ताई प्रत्येक गोष्टीला हो म्हणाल्या. पायाचं त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही, म्हणून मला दोनदा बजावावं लागलं.

तिथून आम्ही चालत स्टेशनबाहेर बूथवर गेलो. यजमान काचेमागे बसले होते, एक गिऱ्हाईक मनमाडला फोन लावत होतं. ताईंनी दारातूनच सांगून टाकलं, सुरुवातीपासून सगळं, इतक्या महिन्यांची भीती आणि आजचे डॉक्टर. यजमान मीटरकडे बघणं विसरले. गिऱ्हाईकानेही फोन कानाला तसाच धरून थोडं ऐकून घेतलं.

"मला का नाही सांगितलंस?" ते म्हणाले.

"सांगितलं असतं तर खरं झालं असतं."

गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी मला बसायला स्टूल दिलं आणि टपरीवरून चहा मागवला, ताईंचा बिनसाखरेचा. मग ताईंकडे वळून म्हणाले, "दोन महिने मेथी मी निवडतोय. मला वाटलं कंटाळलीस."

"आणा आज," ताई म्हणाल्या. "दोन जुड्या आणा."