मोटर कुणी ओढायची?

धरणातून विसर्ग वाढणार, ही बातमी सकाळीच वाचली होती. तरी निघाले. ऑगस्टमध्ये कृष्णाकाठी जाऊ नका, हा माझा पहिला सल्ला. मी तो पाळला नाही.

पुण्याहून एसटीने साताऱ्याकडचं खंडाळा, पुढे उंब्रज. महामार्गाची कामं सुरू आहेत, तासभर जास्त धरा. उंब्रजची मिसळ चांगली होती. माझं लक्ष मात्र पुलाखालच्या पाण्याकडे. कराड मागे टाकलं की सांगली जिल्ह्यातलं हे गाव. मैत्रिणीचे काका, निवृत्त सुभेदार, इथल्या सामायिक पाणीयोजनेचे अध्यक्ष. मुक्काम त्यांच्याकडे.

योजना बघायलाच आले होते. मागच्या पिढीत, दुष्काळात, साऱ्या गावाने मिळून नदीपासून रानापर्यंत चर खणला. म्हणून पाणी जमिनीप्रमाणे नाही, माणशी वाटलं. भूमिहीनांनाही वाटा. शिवणकाम करणाऱ्या हलिमाभाभी आपला वाटा शेजाऱ्याच्या रानाला देतात आणि बदल्यात अर्धी ज्वारी घेतात. वर्षाची भाकरी त्यावरच. रविवारच्या सभेत भूमिहीनांचा वाटा बंद करायचा ठराव येणार होता. मांडणार खुद्द सुभेदार. जेवताना त्यांनी मला तो समजावून सांगितला. मी आमटी वाढून घेतली, मत दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी नदी चढली. योजनेची काठावरची मोटर बुडायच्या आत वर ओढायची. घरटी एक माणूस, ही जुनी रीत. यंदा सुभेदारांनी निरोप फक्त जमीनवाल्यांना धाडला. त्यांच्यातले बरेच नोकरीला, शहरात. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर. वीज तोडलीय का, हे स्वतः तपासलं, परत तपासलं. दोर ताणला. मोटर हलली आणि घसरून पुन्हा खाली गेली.

शेवटी सुभेदार हलिमाभाभींच्या दारात गेले. मी मागे. भाभींनी शिलाई मशीन थांबवलं नाही.

“आवं सुभेदार, पाणी जमिनीचं म्हनं. मग जमिनीलाच ओढू द्या की.”

“मोटर बुडंल, भाभी.”

“व्हय. माजी भाकरी बी बुडंल.”

धागा तोडून त्या उठल्या आणि गल्लीतल्या घराघरात हाका मारत नदीकडे निघाल्या.

मोटर वर आली तेव्हा तिची जुनी जागा पाण्याखाली होती. पूल बंद व्हायच्या आत मी परतीची एसटी पकडली.

रविवारी संध्याकाळी पुण्याहून सुभेदारांना फोन केला. सभा झाली होती.

“इषय कुनी काढलाच न्हाई,” ते म्हणाले.

ठराव रद्द झाला का, असं मी विचारलं. पाणी ओसरायला लागलंय, असं ते म्हणाले.