मेनूतून पुसलेला प्रोग्रॅम

पाथर्डीत आमचं फ्लेक्सचं दुकान होतं, माझं आणि एका भागीदाराचं. आमचं फाटलं आणि त्याने रस्त्याच्या पलीकडे, बरोबर माझ्या तोंडासमोर, स्वतःचं दुकान थाटलं. जाताना कॉम्प्युटरवरून डिझाइनचा प्रोग्रॅम काढून गेला. वर गिऱ्हाइकांना सांगत सुटला, "तिच्याकडं प्रोग्रॅमच न्हाई. आता काय हातानं रंगवनार व्हय ती?"

हे मला कळलं, नेमका त्याच दिवशी सरपंचाच्या वाढदिवसाचा बॅनर द्यायचा होता. हे गिऱ्हाईक समोर गेलं असतं तर मागोमाग बाकीचेही गेले असते आणि मला दुकानाला कुलूप लावावं लागलं असतं. नेट सकाळपासून बंद, त्यामुळे प्रोग्रॅम नव्याने टाकायचीही सोय नव्हती. तळपायाची आग मस्तकात गेली.

आमच्या कॉम्प्युटरवर विंडोज नाही, लिनक्स. मेनूत प्रोग्रॅमचं चिन्ह दिसेना. मी टर्मिनलची काळी खिडकी उघडली, which लिहून पुढे प्रोग्रॅमचं नाव टाकलं. लगेच पत्ता आला, /usr/bin, म्हणजे चालणारे प्रोग्रॅम ठेवायचा कप्पा. प्रोग्रॅम मेला गेलाच नव्हता! मग dpkg -L लिहून त्याच्या सगळ्या फाइली कुठे कुठे ठेवल्यात ते विचारलं आणि एकेक जागा बघून आले. चालणारी फाइल एकीकडे, नमुने आणि बाकीचं सामान /usr/share मध्ये, सगळं जागच्या जागी. मेनूत चिन्ह दाखवणारी तेवढी एक फाइल उडवून हा शहाणा मिशीला पीळ देत बसला होता.

नाव टाइप करून एंटर मारलं. प्रोग्रॅम उघडला. सरपंचाचा बॅनर वेळेत गेला.

पण माझं पोट भरेना. भागीदाराच्या गेल्या वाढदिवसाचा फोटो मशीनमध्येच होता. तो मोठा केला आणि खाली ठसठशीत लाल अक्षरांत लिहिलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. छापलाही. त्याच्या दुकानासमोरच्या खांबावर लावायचा बेत होता. खोटं कशाला बोलू, मला फार मजा येत होती.

दोरी शोधत होते, तेवढ्यात त्याची आई दारात. आमचं भांडण झालं तरी मावशी माझ्याकडे यायची थांबली नव्हती. तिला वाचता येत नाही. टेबलावरचा लेकाचा फोटो बघून तिचा चेहरा खुलला.

"लई ग्वाड दिसतंय गं माझं पोर. तूच केलंस? म्हंजी मिटलं म्हनायचं तुमचं."

मी दोरी शोधायची सोडून कात्री उचलली.

"दे की मला. घरात लावते."

"थांबा मावशी, कड सारखी करते," म्हणाले आणि खालची ओळ कापली. घाईत रफार आणि वेलांटीची लाल टोकं फोटोखाली राहून गेली. मला ती दिसली होती. पुन्हा कात्री लावली नाही.

मावशीने फोटो बाहेरच्या खोलीत लावला. दुसऱ्या दिवशी भागीदार आपल्या दारात उभा राहून बराच वेळ माझ्याकडे बघत होता. आयुष्यभर हीच अक्षरं छापलेला माणूस, त्याला तेवढी टोकं पुरेशी होती. खाली काय लिहिलं होतं ते आईला सांगायची मात्र त्याची छाती नाही. रोज त्या फोटोखाली बसून जेवतो.

जेवू दे.