पेणच्या दवाखान्यातला बाप्तिस्मा

जीव धोक्यात असेल आणि पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, जवळ नसेल, तर कुणीही ख्रिस्ती माणूस बाप्तिस्मा देऊ शकतो. ही आमच्या लुथरन पंथाची शिकवण. पाळक व्हायला सेमिनरीत शिकत होतो, तिथे मी हे उत्तर घडाघडा म्हणून दाखवलं होतं, शाबासकीही मिळाली होती. ते कधी आपल्याच गळ्यात येईल असं स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

नव्वदनंतरची गोष्ट. शेवटच्या वर्षाआधी अनुभव घ्यायला मला रोह्याला धाडलं होतं. तिथली मंडळी, म्हणजे आमचं चर्च, म्हणजे एक भाड्याची खोली आणि कंपनीत शिफ्ट करणारी थोडी घरं. लुथरन त्यात मोजकेच, बाकी कुणी नगरकडच्या मिशनचे, कुणी आंध्रातले. प्रभुभोजनाला द्राक्षारसाचा एकच प्याला फिरवायचा की छोटे छोटे प्याले द्यायचे, यावरून दर वेळी तोंडं वाकडी व्हायची. तरी सगळे एकत्र बसायचे, कारण बसायला दुसरी जागा होतीच कुठे?

आमच्यातल्या एका तरुण बाईला पेणच्या दवाखान्यात सातव्याच महिन्यात मुलगी झाली. नवरा रक्ताच्या बाटलीसाठी अलिबागला धावलेला, म्हणून सोबतीला मी. पोरगी निळी पडायला लागली. डॉक्टर म्हणाले, पनवेलला न्यायची गाडी येईपर्यंत काही सांगता येत नाही. बाईनं माझा हात घट्ट धरला.

"ब्रदर, पाळकांना बोलवा."

"पाळक मुंबईला आहेत गं."

"मग तुमी द्या. तशीच नको जायला ती."

मी दाराकडे बघायला लागलो, गाडी आली का म्हणून. शेजारच्या खाटेवर मिठागरात काम करणारी एक बाई होती. तिनं आपल्या तांब्यातलं पाणी पेल्यात ओतून पुढे केलं. "घ्या वो, बघत काय बसलाव!" मी आईनं सांगितलेलं नाव घेतलं आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावानं त्या चिमुकल्या कपाळावर पाणी घातलं.

आणि पोरगी जगली! पनवेलला काचेच्या पेटीत राहिली आणि एक दिवस आम्ही तिला रेल्वेनं रोह्याला घेऊन निघालो. कासू स्टेशनापासून तिनं जे भोकाड पसरलं, ते रोहा येईपर्यंत. इतकं गोड रडणं मी आजवर ऐकलेलं नाही.

घरी आलो तर वेगळंच. मंडळीचे पंच नगरकडचे, कंपनीत बॉयलरवर होते, माणूस करारी. ते म्हणाले, "हा बाप्तिस्मा धरायचा नाही. ब्रदर अजून शिकतायत. पाळकांनी पुन्हा द्यावा." अर्धी मंडळी त्यांच्या बाजूनं. माझं डोकंच फिरलं. पुन्हा म्हणजे काय? पोलिओचा डोस आहे का, चुकला की परत पाजायला? पण त्या आईची झोप उडाली होती. "म्हणजे तिचं झालंच नाय का, ब्रदर?" एवढंच ती विचारत राहायची, आणि ते मला सोसवत नव्हतं.

पाळक आले त्या रविवारी खोली गच्च भरली होती. त्यांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं.

"पाणी होतं?"

"होतं."

"कुणाच्या नावानं दिलात?"

मी सांगितलं.

"मग माझ्यासाठी काय शिल्लक ठेवलंत? मी आता आशीर्वाद तेवढा देतो."

पंच उठले. "पाळकसाहेब, हे नाही चालायचं."

तेवढ्यात ती आई पोरीला घेऊन उभी राहिली. भर उपासनेत तिला बोलताना आम्ही कधी ऐकलं नव्हतं. "ती मरत व्हती तवा हाच बाप्तिस्मा पुरत व्हता. आता जगली तर पुरत नाय व्हय?"

पंच पाळकांकडे वळले. "म्हणजे खरंच कुणीही देऊ शकतं?"

"कुणीही."

"बापसुद्धा?"

"बापसुद्धा."

ते मटकन खाली बसले. "माझा पहिला मुलगा गेला, तेव्हा मी फाट्यावर उभा होतो. बाप्तिस्मा द्यायला पाळक एस्टीनं येणार होते. घरी आलो तर सगळं संपलेलं. मला कुणी सांगितलंच नाही हो."

माझा सगळा राग जागच्या जागी विरला. पाळक खाली, त्यांच्याशेजारी सतरंजीवर बसले. "एस्टीची वाट तुम्ही बघत होता, भाऊ. देव नव्हता बघत. त्यानं तुमच्या लेकराला केव्हाच उचलून घेतलं होतं."

पंच लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. किती वर्षं तो माणूस त्या फाट्यावर उभा होता कुणास ठाऊक! आईनं पुढे होऊन पोरगी त्यांच्या मांडीवर ठेवली. "धरा, बाबा." त्यांनी धरली. पाळकांनी आशीर्वाद दिला तेव्हा त्यांचा एक हात पोरीच्या डोक्यावर होता आणि दुसरा पंचांच्या.